गिटमध्ये ‘शेतकऱ्यांची यादी’ आकड्यांत का दिसते? दोष मराठीचा नाही, सेटिंगचा आहे

फोल्डरमध्ये फाइलचं नाव अगदी स्वच्छ दिसतं: ‘शेतकऱ्यांची_यादी’. तीच फाइल गिटमध्ये घेतली आणि ‘गिट स्टेटस’ ही आज्ञा दिली, की नावाच्या जागी तिरप्या रेघा आणि तीन-तीन आकड्यांची लांबलचक माळ येते. नवख्याला वाटतं, फाइल बिघडली. मग जवळ बसलेला कुणीतरी अनुभवी सांगतो, ‘मराठीत नाव ठेवूच नको, इंग्रजीत ठेव.’

इंजिनिअरिंगच्या लॅबपासून नोकरीच्या पहिल्या दिवसापर्यंत हा सल्ला सगळीकडे मिळतो. तो चुकीचा आहे, आणि महागही आहे, असं माझं मत आहे. फाइल बिघडलेली नसते. एक सेटिंग बदललं की नाव नीट दिसतं. मात्र त्याच्या पलीकडे मराठीचा म्हणून एक खरा घोळ आहे आणि त्याकडे फारसं कुणी बघत नाही. दोन्ही गोष्टी क्रमाने समजून घेऊ.

गिट म्हणजे काय, आणि ते कुणाला लागतं?

एकाच कामाच्या ‘यादी_फायनल’, ‘यादी_फायनल_२’, ‘यादी_खरंच_फायनल’ अशा फाइली तुमच्याही कॉम्प्युटरवर असतील. कुठली शेवटची, कुणी कधी काय बदललं, हे नंतर कुणालाच आठवत नाही. गिट हे काम शिस्तीत करतं. फाइल एकच राहते, तिच्या प्रत्येक बदलाची नोंद राहते आणि हवं तेव्हा जुन्या आवृत्तीवर परत जाता येतं. लिनस टोरवाल्ड्स यांनी एप्रिल २००५ मध्ये लिनक्सच्या कोडसाठी ते तयार केलं. आज जगभरातले प्रोग्रॅमर ते वापरतात, आणि गिटहबसारख्या वेबसाइट त्यावरच उभ्या आहेत.

गिट फक्त मोठ्या शहरांतल्या कंपन्यांचं राहिलेलं नाही. परभणी जिल्ह्यातलं मानवत कापसाच्या बाजारासाठी ओळखलं जातं. समजा, इथल्या एखाद्या विद्यार्थ्याने बाजारातला भाव कोल्हा, रामपुरी, ताडबोरगाव, केकरजवळा अशा गावांतल्या शेतकऱ्यांना मोबाइलवर कळवणारं छोटं ॲप करायला घेतलं. त्याच्या फोल्डरमध्ये ‘कापूस_भाव’, ‘गावांची_यादी’ आणि ‘शेतकऱ्यांचे_मोबाइल_नंबर’ अशा फाइली असणार. पहिल्या दोन सगळ्यांना दाखवायच्या, तिसरी अजिबात नाही.

गिटने या तिन्ही नावांची आकड्यांची माळ करून दाखवली, तर कुठली फाइल पाठवतोय हे त्याला कळणार कसं? तिन्ही माळांची सुरुवातही सारखीच असते. शेतकऱ्यांचे नंबर चुकून सार्वजनिक झाले, तर नंतर फाइल काढून टाकूनही पूर्ण सुटका नाही, कारण जुनी आवृत्ती जपून ठेवणं हेच गिटचं काम आहे. म्हणून हा विषय नुसता दिसण्याचा नाही.

व्हॉट्सॲपवरची ती लांब लिंक आठवा

हा प्रकार मोबाइलवर तुम्ही आधीच पाहिलेला आहे. मराठी विकिपीडियावरचं एखादं पान उघडा, त्याची लिंक कॉपी करा आणि व्हॉट्सॲपवर टाका. पानाचं नाव ‘मानवत’ एवढंच असतं, पण लिंकमध्ये टक्क्याची चिन्हं आणि मधेमधे ई०, ए४ अशी अक्षरं-आकडे येतात. लिंकवर टॅप केलं की पान बरोबर उघडतं. म्हणजे नाव हरवलेलं नसतं, फक्त वेगळ्या पद्धतीने लिहिलेलं असतं.

गिटमध्येही हेच होतं. फरक एवढाच की लिंकमध्ये टक्क्याचं चिन्ह असतं, इथे उलटी तिरपी रेघ असते.

आकडे येतात कुठून?

कॉम्प्युटरला अक्षर कळत नाही, संख्या कळते. कुठल्या अक्षराला कुठली संख्या, याची जगभर मान्य यादी म्हणजे युनिकोड. १९९१ मध्ये युनिकोडची पहिली आवृत्ती आली तेव्हापासून देवनागरी त्यात आहे. या संख्या फाइलमध्ये साठवण्याची आज सगळ्यांत जास्त चालणारी रीत म्हणजे यूटीएफ-८. ती १९९२ मध्ये केन थॉम्पसन आणि रॉब पाइक यांनी तयार केली. यूटीएफ-८ मध्ये इंग्रजीचं एक अक्षर एका बाइटमध्ये मावतं, देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन बाइट लागतात.

‘मानवत’ या शब्दात म, काना, न, व, त अशी पाच चिन्हं आहेत. पाच त्रिक पंधरा बाइट झाले. गिट यातला प्रत्येक बाइट आठ-आधारी पद्धतीच्या तीन आकड्यांत लिहून दाखवतं. मग चार अक्षरी गावाचं नाव स्क्रीनवर असं येतं (खऱ्या स्क्रीनवर आकडे रोमन असतात):

\३४०\२४४\२५६\३४०\२४४\२७६\३४०\२४४\२५०\३४०\२४४\२६५\३४०\२४४\२४४

३४०-२४४-२५६ म्हणजे ‘म’. ३४०-२४४-२७६ म्हणजे काना. देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३४० नेच सुरू होतं, म्हणून सगळी नावं एकसारखी वाटतात. ‘शेतकऱ्यांची’ या एका शब्दात अकरा चिन्हं, म्हणजे ३३ बाइट आहेत. स्क्रीनवर तो १३२ जागा अडवतो.

गिट असं का करतं? लिनक्समध्ये फाइलचं नाव म्हणजे फक्त बाइटची रांग असते. ती कुठल्या भाषेतली, कुठल्या पद्धतीतली, हे नावात लिहिलेलं नसतं. लिनक्सच्या कोडमधले बदल तेव्हा ईमेलने फिरायचे. वाटेत कुठे नाव मोडू नये म्हणून इंग्रजीच्या पलीकडचा प्रत्येक बाइट आकड्यांत लिहिणं हा सावधपणा होता. २००५ मध्ये तो समजण्यासारखा होता. पण गिटच्या माहितीपुस्तिकेत अशा अक्षरांना ‘असामान्य’ म्हटलेलं आहे, आणि मूळ सेटिंग आजही तेच आहे. मराठी, हिंदी, चिनी, अरबी लिहिणाऱ्या कोट्यवधी लोकांची रोजची अक्षरं या सेटिंगच्या लेखी असामान्य ठरतात.

पहिला उपाय: एक ओळ

या सेटिंगचं नाव ‘कोर.कोटपाथ’. ते बंद करण्यासाठी टर्मिनलमध्ये एक ओळ एकदाच टाइप करायची. ती रोमन अक्षरांत लिहायची असते, इथे उच्चाराप्रमाणे दिली आहे:

गिट कॉन्फिग --ग्लोबल कोर.कोटपाथ फॉल्स

‘कोर’ आणि ‘कोटपाथ’ यांच्यामध्ये फक्त टिंब, जागा नाही. ‘कोट’ म्हणजे अवतरणचिन्ह या अर्थाचा इंग्रजी शब्द, त्याचं स्पेलिंग क्यू-यू-ओ-टी-ई. ‘ग्लोबल’ लिहिल्यामुळे त्या कॉम्प्युटरवरच्या तुमच्या सगळ्या प्रोजेक्टना सेटिंग लागू होतं. यानंतर स्टेटस, डिफ, लॉग यांच्या यादीत नावं देवनागरीत दिसतात. फाइलला किंवा जुन्या नोंदींना हात लागत नाही, फक्त दाखवण्याची पद्धत बदलते.

तरीही नीट दिसत नाही? लक्षणावरून रोग ओळखा

मराठी बिघडून दिसण्याचे प्रकार वेगवेगळे आहेत आणि प्रत्येकाचा उपाय वेगळा आहे. काय दिसतंय ते नीट पाहिलं की अर्धं काम होतं.

• तिरपी रेघ आणि तीन आकडे: वर सांगितलेलं सेटिंग बदला. मजकूर सुरक्षित आहे.

• टोकदार कंसात ई०, ए४ अशी जोडाक्षरं: गिट लांब मजकूर पानापानाने दाखवण्यासाठी ‘लेस’ नावाचा प्रोग्रॅम वापरतं. त्याला मजकूर यूटीएफ-८ मध्ये आहे हे कळलेलं नाही. ‘लेसचारसेट’ या एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलला ‘यूटीएफ-८’ ही किंमत द्या. मजकूर सुरक्षित आहे.

• रिकामे चौकोन: अक्षरं बरोबर आहेत, ती दाखवणारा फॉन्ट नाही. विंडोजच्या जुन्या काळ्या कमांड विंडोत हे हमखास होतं. विंडोज टर्मिनल वापरून पाहा, किंवा तीच फाइल व्हीएस कोडमध्ये वा गिटहबवर ब्राउझरमध्ये उघडा. मजकूर सुरक्षित आहे.

• मात्रा-वेलांट्या सुटलेल्या, जोडाक्षरं फुटलेली: टर्मिनल प्रत्येक अक्षराला ठरावीक रुंदीचा चौकोन देतं. देवनागरी अशा चौकोनांत बसत नाही. इथे गिटचा दोष नाही आणि गिटमध्ये उपायही नाही. वाचायचं काम एडिटरमध्ये करा.

• डोक्यावर तिरपी रेघ असलेला रोमन ए, शेजारी चलनाची चिन्हं: इथे थांबा. यूटीएफ-८ मधला मजकूर एखाद्या प्रोग्रॅमने पश्चिम युरोपच्या जुन्या पद्धतीचा समजून वाचलाय. देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाचा पहिला बाइट त्या पद्धतीत रेघवाला ए असतो. म्हणून मराठीत नसलेलं हे अक्षर मराठी मजकुरात ओळीने दिसतं. ‘मानवत’मधला काना तर तिथे पाऊण या अपूर्णांकासारखा दिसतो. ही फाइल अशा अवस्थेत सेव्ह करू नका. बंद करा आणि यूटीएफ-८ निवडून पुन्हा उघडा.

• नुसती प्रश्नचिन्हं: मजकूर अशा पद्धतीत सेव्ह झालाय जिच्यात देवनागरीच नाही. अक्षरं खरोखर गेली. पण आधीची आवृत्ती गिटमध्ये असेल तर तिथून परत आणता येते.

• ‘बायनरी फाइल बदलली’ एवढाच निरोप: फाइल यूटीएफ-१६ मध्ये असावी. विंडोजचं नोटपॅड पूर्वी ज्याला ‘युनिकोड’ म्हणायचं ते हेच. २०१९ पासून नोटपॅड नवी फाइल आपणहून यूटीएफ-८ मध्ये सेव्ह करतं. जुनी फाइल ‘सेव्ह ॲज’मध्ये जाऊन यूटीएफ-८ करा. फाइल यूटीएफ-१६ मध्येच ठेवणं भाग असेल, तर गिटच्या २.१८ या आवृत्तीपासून म्हणजे २०१८ पासून ‘वर्किंग-ट्री-एन्कोडिंग’ ही सोय आहे.

• अर्थहीन रोमन अक्षरं: मजकूर श्रीलिपी, शिवाजी, किरण अशा जुन्या पद्धतीच्या फॉन्टमध्ये टाइप केलेला आहे. त्यात आतली अक्षरं रोमनच असतात, फॉन्ट त्यांना मराठीचं रूप देतो. फॉन्ट गेला की रूपही गेलं. गिटचं कुठलंच सेटिंग इथे चालणार नाही. आधी कन्व्हर्टरने मजकूर युनिकोडमध्ये आणावा लागेल.

खरा घोळ ‘ऱ्या’ आणि ‘ॲ’चा

आता मघाशी उल्लेख केलेला मराठीचा घोळ. फ्रेंच किंवा स्पॅनिश भाषेत डोक्यावर खुणा असलेली अक्षरं दोन तऱ्हांनी साठवता येतात: अख्खं अक्षर एक चिन्ह म्हणून, किंवा मूळ अक्षर आणि खूण अशी दोन चिन्हं म्हणून. डोळ्यांना फरक दिसत नाही, कॉम्प्युटरला दिसतो. आपल्याकडे असं काही नाही असा समज आहे. पण शेतकऱ्यांची, कर्मचाऱ्यांची, व्यापाऱ्यांची या शब्दांतला ‘ऱ्या’ पाहा.

हा ‘ऱ’ युनिकोडमध्ये तीन तऱ्हांनी लिहिलेला सापडतो:

१. ‘ऱ’ हे स्वतंत्र चिन्ह, मग हलन्त, मग ‘य’. शब्द ३३ बाइटचा.
२. साधा ‘र’, त्याखाली नुक्ता, मग हलन्त आणि ‘य’. शब्द ३६ बाइटचा.
३. साधा ‘र’, हलन्त, मग डोळ्यांना न दिसणारं ‘झिरो विड्थ जॉइनर’ हे जोडचिन्ह, आणि ‘य’. हाही ३६ बाइटचा. ही युनिकोडच्या जुन्या आवृत्तीतली पद्धत आहे, जुन्या मजकुरासाठी मानकाने ती चालू ठेवली आहे.

तिन्ही शब्द कागदावर छापले तर फरक ओळखू येणार नाही. गिट मात्र बाइट मोजतं. त्यामुळे एकाच फोल्डरमध्ये एकाच नावाच्या दोन फाइली दिसू शकतात. एखाद्या ओळीत काहीच बदललेलं दिसत नसताना ती लाल-हिरव्या रंगात ‘बदलली’ म्हणून येते. शोध घेतला तर अर्धीच नावं सापडतात.

पहिली आणि दुसरी तऱ्हा युनिकोड एकच मानतं. एकीतून दुसरीत जाण्याची ठरलेली रीत आहे, तिला नॉर्मलायझेशन म्हणतात. ॲपलच्या १९९८ पासूनच्या एचएफएस प्लस या फाइल व्यवस्थेत नावं सुटी करून, म्हणजे दुसऱ्या तऱ्हेने साठवली जायची. २०१७ मध्ये आलेल्या एपीएफएसमध्ये नाव दिलं तसं राहतं. मॅकवरून आलेली ‘शेतकऱ्यांची_यादी’ विंडोजवाल्याकडे वेगळीच फाइल ठरण्याचं हे एक कारण. गिटमध्ये मॅकसाठी ‘कोर.प्रीकंपोजयुनिकोड’ हे सेटिंग आहे. ते ‘ट्रू’ असलं की नाव पुन्हा जोडून घेतलं जातं. टीममध्ये कुणाकडे जुना मॅक असेल तर हे जरूर तपासा.

तिसऱ्या तऱ्हेला मात्र नॉर्मलायझेशन हात लावत नाही. ‘ॲ’चंही असंच आहे. ‘ॲप’मधला ‘ॲ’ हे स्वतंत्र अक्षर युनिकोडमध्ये २००८ साली, ५.१ या आवृत्तीत आलं. त्याआधी लोक ‘अ’वर अर्धचंद्र देऊन किंवा ‘ए’वर अर्धचंद्र असलेलं हिंदी वळणाचं अक्षर वापरून काम भागवत होते. तिन्ही रूपं आजही वापरात आहेत, आणि युनिकोडच्या लेखी ती तीन वेगळी लेखनं आहेत. म्हणजे ‘ॲप’ शोधलं तर जुन्या रूपातलं सापडणार नाही.

इथे उपाय माणसांनी ठरवायचा आहे. प्रोजेक्टच्या सुरुवातीलाच एक नियम लिहून ठेवा: ‘ऱ’ स्वतंत्र चिन्हाचा, ‘ॲ’ २००८ चा, सगळा मजकूर यूटीएफ-८ मध्ये. आणि फाइल गिटमध्ये घेण्याआधी जुनी रूपं नव्या रूपात बदलणारा दहा ओळींचा छोटा प्रोग्रॅम चालवा. इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्याला तो एका दुपारी लिहिता येईल.

‘इंग्रजीत नाव ठेव’ हा सल्ला महाग का?

एवढी उठाठेव करण्यापेक्षा रोमनमध्ये नाव ठेवणं सोपं नाही का, असा प्रश्न येईल. आधी एक कबूल करू: कोडमधले शब्द इंग्रजीत असणं ठीक आहे. प्रोग्रॅमिंगच्या भाषा तशाच घडल्या आहेत आणि जगभरचे लोक तो कोड वाचतात. प्रश्न माहितीचा आहे: गावं, माणसं, पिकं, याद्या, नोंदी.

‘मानवत’ रोमनमध्ये लिहून पाहा. मध्ये व्ही की डब्ल्यू? शेवटी टी की टीएच? चार स्पेलिंगं इथेच झाली, आणि रेल्वेच्या ‘मानवत रोड’ स्टेशनच्या नावात त्यातलं एक आहे. शेजारच्या सेलूचं नाव एस-ई-एल-यू असंही लिहितात आणि एस-ए-आय-एल-यू असंही. ‘केकरजवळा’मधला ‘ळ’ रोमनमध्ये गेला की परत येत नाही. ‘काळे’ आणि ‘काले’ ही दोन आडनावं एक होतात. नावातल्या एका अक्षरावरून अर्ज अडकणं आपल्या लोकांना नवं नाही.

देवनागरीतही ‘ऱ्या’ आणि ‘ॲ’चा घोळ आहे, तो वर सांगितलाच. पण तो मोजका आहे आणि यंत्राला शिकवता येतो. रोमन स्पेलिंगांचा गोंधळ प्रत्येक नावागणिक नवा असतो. तो सोडवायला दर वेळी माणूस बसवावा लागतो, आणि त्याला गाव माहीत असावं लागतं. पहिल्या दिवशी वाचलेली पाच मिनिटं पुढे वर्षभर फेडावी लागतात.

दुसरा तोटा मोजता येत नाही, पण दिसतो. तालुक्याच्या गावातल्या मुलाला पहिल्याच प्रॅक्टिकलमध्ये कळतं की आपली भाषा यंत्राला चालत नाही. ते खरं नाही. चालते, फक्त दाखवली जात नाही. तरी तो समज कायमचा बसतो. मग तो पुढे जे ॲप बनवतो त्यात मराठीचा पर्याय सगळ्यांत शेवटी येतो, किंवा येतच नाही.

जमत नाही म्हणणाऱ्यांनी मराठी विकिपीडिया पाहावा. २००३ पासून तिथे प्रत्येक पानाचा इतिहास, म्हणजे कुणी कोणता शब्द बदलला हे, सरळ देवनागरीत दिसतं. तिथलं मीडियाविकी हे सॉफ्टवेअर येणारा मजकूर आधी एका ठरलेल्या रूपात आणून मगच साठवतं. आवृत्त्यांची नोंद ठेवणारी व्यवस्था आणि मराठी यांचं जमू शकतं याला आणखी वेगळा पुरावा नको.

सुरक्षेचं काय?

या बाजूचा एक मुद्दा मात्र गंभीर आहे. न दिसणारी चिन्हं फसवणुकीसाठी वापरता येतात. डिसेंबर २०१४ मध्ये गिटमध्येच अशी त्रुटी सापडली होती. मॅकची तेव्हाची फाइल व्यवस्था काही अदृश्य चिन्हं नावात असूनही नसल्यासारखी धरायची. त्यामुळे गिटच्या स्वतःच्या गुप्त फोल्डरसारखं नाव तयार करून सेटिंग बदलता येत होतं. ती त्रुटी लगेच दुरुस्त झाली. २०२१ मध्ये केंब्रिज विद्यापीठाच्या संशोधकांनी ‘ट्रोजन सोर्स’ दाखवून दिलं: मजकुराची दिशा बदलणारी चिन्हं वापरून कोड वाचणाऱ्याला एक आणि यंत्राला दुसरं दाखवता येतं. त्यानंतर गिटहबने अशा फाइलींवर इशारा द्यायला सुरुवात केली.

म्हणजे सावधगिरी हवीच. पण ती कशी, हा प्रश्न आहे. अदृश्य चिन्ह असेल तिथे खूण करा. व्हीएस कोडसारखे एडिटर तसं करतात. ‘म’, ‘न’, ‘व’ यांच्यामुळे कुणाची फसवणूक होत नाही, त्यांना आकड्यांत गुंडाळण्याचं कारण नाही. शिवाय कोटपाथ बंद केलं तरी अवतरणचिन्ह, उलटी तिरपी रेघ आणि नियंत्रण-चिन्हं गिट वेगळी करूनच दाखवतं. आणि गिटची यादी दुसऱ्या प्रोग्रॅमला पुरवायची असेल, तर त्यासाठी ‘-झेड’ हा वेगळा पर्याय आहे. तो दिला की नाव जसंच्या तसं मिळतं.

कुणी काय करावं?

कॉलेजांनी: गिट इन्स्टॉल करण्याच्या सूचनांमध्ये नाव आणि ईमेल टाकण्याच्या दोन ओळी असतातच. त्याखाली कोटपाथची तिसरी ओळ घाला. खर्च शून्य.

कार्यालयांनी: केंद्र सरकारने २००९ मध्येच ई-प्रशासनासाठी युनिकोड हे मानक ठरवलं. तरी सॉफ्टवेअर स्वीकारताना मराठीची परीक्षा कडक घ्या. ‘मराठी दिसतं’ एवढं पुरेसं नाही. ‘कर्मचाऱ्यांची’ आणि ‘ॲप’ हे शब्द वेगवेगळ्या तऱ्हांनी लिहून पाहा आणि शोधात सगळे सापडतात का ते तपासा. नाही सापडले तर काम परत पाठवा.

गिट घडवणाऱ्यांनी: मूळ सेटिंग उलटं करावं. ज्याला आकडे हवेत त्याने ते मागून घ्यावेत. गिट खुलं सॉफ्टवेअर आहे, मागणी आणि दुरुस्ती कुणीही पाठवू शकतो, मानवतमधूनसुद्धा.

३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. त्याचा आनंद रास्तच आहे. पण भाषा रोजच्या कामात टिकते ती फाइलच्या नावात, यादीच्या रकान्यात आणि शोधाच्या चौकटीत. ‘शेतकऱ्यांची यादी’ हे नाव बदलू नका. सेटिंग बदला.

थोडक्यात लक्षात ठेवा

• आकड्यांची माळ दिसली तर घाबरू नका, कोटपाथ ‘फॉल्स’ करा.
• रेघवाले रोमन ए दिसले तर सेव्ह न करता फाइल बंद करा.
• प्रश्नचिन्हं दिसली तर गिटमधून जुनी आवृत्ती काढा.
• सगळं काम यूटीएफ-८ मध्ये, जुन्या फॉन्टमधला मजकूर आधी युनिकोडमध्ये.
• ‘ऱ’ आणि ‘ॲ’ कुठल्या तऱ्हेने लिहायचे, हे टीमने पहिल्याच दिवशी ठरवावं.
• लोकांचे फोन नंबर असलेली फाइल सार्वजनिक प्रोजेक्टमध्ये कुठल्याच नावाने ठेवू नका.